उतरणीचा सराव

सिंगापूरमध्ये डोंगर चढायचा सराव करायचा तर जिना लागतो. बुकित तिमाची टेकडी आहे, पण आमच्या सेम्बावांगहून तिथे पोचायला टेकडी चढण्यापेक्षा जास्त वेळ जातो. म्हणून मी आमच्या ब्लॉकचा जिनाच धरला. बारा मजले, सकाळी सहाला. आधी तीनदा, मग पाचदा, शेवटी आठदा, असा तीन महिन्यांचा तक्ताच केला. वर पोचलं की लिफ्टने खाली, पाण्याचा घोट, पुन्हा वर. उतरताना गुडघे झिजतात असं कुठेतरी वाचलं होतं, आणि पन्नाशीनंतर गुडघे जपून वापरावेत या मताची मी आहे.

नवव्या मजल्यावरची चिनी आंटी बाजाराला निघालेली असायची. लिफ्टमध्ये मला घामाने निथळताना बघून एकदा तिने विचारलंच, "एव्हरी डे क्लाइम्ब, फॉर वॉट, आह?"

"स्कॉटलंडला चालायला जाणार आहोत."

"देअर नो लिफ्ट, आह?" ती म्हणाली आणि स्वतःच हसत बाहेर पडली.

स्कॉटलंड ही माझी कल्पना नव्हती. नवरा मरीन इंजिनिअर. लग्नाच्या आधी, अगदी ज्युनिअर असताना, त्याचं जहाज एडिनबराजवळच्या खाडीत आठ दिवस नांगरून होतं. इंजिनाचं काम निघालं होतं, त्यामुळे किनाऱ्यावर जायची परवानगी नाही. संध्याकाळी डेकवर यायचा तेव्हा समोरच्या कड्यावरून माणसं कुत्री घेऊन चालताना दिसायची. पुढे त्याने शंभर बंदरं पाहिली असतील, पण ती वाट राहिली ती राहिलीच. जेवताना, पाहुण्यांपुढे, कधी फोनवरसुद्धा, "तिथे एकदा चालायचंय." या वर्षी मे महिन्यात सुट्टी जुळून आली. परतल्यावर चार दिवसांत त्याला जहाज गाठायचं होतं. मी तीन दिवसांचा बेत आखला: पहिला दिवस टेकड्या, दुसरा जंगल, तिसरा त्याचा तो किनारा. हा योग चुकला असता तर पुढचा कधी, कुणाला ठाऊक.

पहिल्या दिवशी चढ मी त्याच्या पुढे राहून चढले. तक्त्याचं सार्थक झालं असं वाटलं. आणि ती वाट काय सांगावी. दोन्ही बाजूंना चुना-सिमेंट न लावता नुसते दगड रचलेले गडगे, थेट कोकणातल्यासारखे, फक्त मैलच्या मैल. मेंढ्यांच्या कुरणातून वाट जाते, आणि कुणी हटकत नाही. फाटकावर हाताने लिहिलेली पाटी: आत कोकरं आहेत, कुत्रं बांधून न्या, फाटक जसं सापडेल तसं ठेवा. तीन ओळींत सगळं. मला फार आवडली ती. वाटेच्या खुणांचे खांब सरसकट ठरावीक अंतरावर नाहीत. जिथे माणसाला शंका येईल नेमके तिथेच आहेत. ज्याने ते रोवले तो आधी स्वतः तिथे चुकला असणार.

मग उतार लागला. अर्ध्या वाटेवर उजव्या गुडघ्यात सुई टोचल्यासारखं झालं, पाऊण वाटेवर डाव्यातही. नवरा दणादण खाली पोचला होता.

"अगं, काय झालं?"

"काही नाही. उतरता येत नाहीये."

तो परत वर आला. दगडावर बसून मी हिशेब मांडला आणि चूक सापडली. तीन महिने मी फक्त चढले होते. उतरायचं काम लिफ्टने केलं होतं. त्याने कधी लिफ्ट घेतली नाही. सुट्टीवर असताना माझ्याबरोबर दोनच फेऱ्या मारायचा, पण पायांनी उतरायचा.

"तेव्हा बोलला का नाहीस?"

"तक्ता तुझा होता. आणि इंजिन रूममध्ये उतरायला मी लिफ्टची वाट बघत बसलो असतो, तर अजून पहिल्याच जहाजावर असतो."

दुसऱ्या दिवशीचं जंगल मी लंगडत पाहिलं, तरी पाहिलं. बीच नावाच्या उंच झाडांखाली जमीन निळ्या फुलांनी भरलेली, आणि ओढ्याकाठी रानलसणाचा असा वास, की कुणी पलीकडे फोडणी घातलीय असं वाटावं. संध्याकाळी ज्या घरी उतरलो तिथल्या बाईंनी न विचारता फ्रीझरमधले गोठवलेले मटार दोन फडक्यांत बांधून माझ्या गुडघ्यांवर ठेवले. नकाशावर बोट ठेवून म्हणाल्या, उद्याची वाट कड्यावरून सपाटच आहे, फक्त शेवटी समुद्राकडे उतरायला एक खडी उतरण आहे.

त्या गेल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "तू सकाळी एकटा जा. मी बसने पुढच्या गावात येते."

"नको."

"अरे, त्यासाठीच तर आलोय."

"एकटा तिथे जाऊन काय करू? एकटा तर मी जहाजावर असतोच."

मी बेताचा कागद काढला आणि तिसऱ्या दिवसाच्या वीस किलोमीटरांतले पंधरा खोडले. तेवढे बसने. शेवटचे पाच चालायचे.

ते पाच मी आयुष्यात चाललेल्या सगळ्यांत सुंदर रस्त्यांत धरते. डावीकडे खाली समुद्र, उजवीकडे कोवळी बार्ली, मधून दोन माणसांपुरती पायवाट. काटेरी झुडपं पिवळ्या फुलांनी लगडलेली, आणि त्या फुलांना ओल्या खोबऱ्याचा वास येतो. मला वाटलं माझंच नाक फिरलंय, पण नवराही थांबून हुंगत होता. "वाटण चाललंय कुठेतरी," तो म्हणाला. मी सपाटीवर ठीक होते. तो मुद्दाम हळू चालत होता आणि तसं दाखवत नव्हता.

मग ती उतरण आली. मातीत लाकडी ओंडके बसवून केलेल्या पायऱ्या, शिडीसारख्या उभ्या. पहिल्याच पायरीला गुडघ्यात पुन्हा सुई टोचली.

"वळ," तो म्हणाला.

"परत जायचं?"

"नाही. तोंड चढाकडे कर, पाठ समुद्राकडे. जहाजावर उभ्या शिडीवरून असंच उतरतात. वजन मांड्यांवर येतं. मी खाली आहे."

मी वळले. हात वरच्या ओंडक्यावर टेकले आणि उलटी उतरू लागले. गुडघे खरंच गप्प राहिले.

"डावा. अजून खाली. हं. आता उजवा. तिथे ओलं आहे, बाहेरच्या बाजूला ठेव."

बत्तीस वर्षं जहाजावरच्या नवख्या पोरांना शिड्यांवरून उतरवणारा माणूस कसा बोलत असेल ते मी पहिल्यांदा ऐकलं. आवाज चढलेला नाही, शब्द फालतू नाही. घरी रिमोट सापडत नाही म्हणून ओरडणारा तो हाच, यावर विश्वास बसेना.

मध्येच खालून एक म्हातारं जोडपं कुत्रं घेऊन चढत आलं. त्यांना वाट द्यायला मी कडेला सरकले. चारही जण एका रांगेत झुडपाला चिकटलो. उलट्या उतरणाऱ्या बाईकडे बघून त्यांना काहीच वाटलं नाही. आजोबा टोपीला हात लावून म्हणाले, हवा छान आहे. मी म्हटलं, हो. ते वर गेले, आणि माझ्यासमोर पुन्हा फक्त माती आणि ओंडके होते.

"किती राहिल्या?"

"मोजू नकोस. उजवा."

शेवटी पायाखाली वाळू करकरली. मी कंबर सरळ केली आणि वळले. समुद्र राखाडी, शांत, लांबवर दोन जहाजं नांगरलेली. नवरा तिकडे बघतच नव्हता. मान मागे टाकून तो कड्याकडे बघत होता, आम्ही आलो त्या वाटेकडे, जिथे ते जोडपं आता पार वर पोचलं होतं.

"बरीच उंच आहे गं," तो म्हणाला. "डेकवरून सपाट वाटायची."