त्या दिवशीचा बर्फ

आचारीबाबांना गल्लीत सगळे 'सुभेदार' म्हणत, आणि तेही खुशाल म्हणू देत. खरं तर अख्खं युद्ध त्यांनी हातात पळी धरून काढलं होतं. म्हातारपणी युद्धाच्या आठवणींचं पुस्तक करायचं डोक्यात घेतलं आणि लेकीला लिहायला बसवलं. हल्ले, माघार, सेनापती यांतलं काही त्यांना धड सांगता येईना. करपलेल्या कांद्याचा वास मात्र विचारा!

"बाबा, हे युद्ध आहे की स्वयंपाकघर?"

"तोफा काय मी डागल्या? जे नाकात बसलंय तेच सांगणार."

एका ठिकाणी मात्र त्यांची जीभ अडायची. त्यांचा जोडीदार, छावणीतला दुसरा आचारी, भटारखान्यावर गोळा पडला तेव्हा गेला. तो बर्फात पडला होता, असं त्यांनी परत आल्यावर त्याच्या बायकोला सांगितलं. तेव्हापासून वहिनी भेटल्या की एकच विचारत, "भाऊजी, त्यांना फार थंडी वाजली असेल का हो?" पुस्तकाचा सगळा खटाटोप खरं तर या एका प्रश्नाच्या उत्तरासाठीच होता.

लेकीने जुनी वर्तमानपत्रं धुंडाळली. "बाबा, तेव्हा भर उन्हाळा होता. बर्फ कुठला?"

म्हातारा उसळला. "या डोळ्यांनी पाहिलाय! सगळं पांढरं झालं होतं, मला हुडहुडी भरली होती!" मग घरात अबोला.

एका सकाळी पीठ चाळताना लेकीच्या हातून डबा निसटला आणि धाडकन आपटला. तिचे केस, भुवया, ओटा, सगळं पांढरं. बाबा दारातच होते. त्यांचे दात वाजायला लागले. पिठाचा कोरडा वास नाकातून थेट घशात उतरला.

"पोती फुटली होती गं," ते म्हणाले. "आमची पिठाची पोती. बर्फ नव्हताच."

थंडी भीतीची होती, आणि तीही त्यांची स्वतःची. इतकी वर्षं त्यांनी ती बिचाऱ्या जोडीदाराच्या अंगावर घातली होती. ते खाली बसून लहान मुलासारखे रडले. लेक कागद घेऊन आली, तर म्हणाले, "ते राहू दे. आधी फोन लाव."

"वहिनी, भट्टी पेटलेली होती. तो तिच्या शेजारीच पडला होता. थंडी नव्हती वाजली हो त्याला."

पलीकडून वहिनींनी हळूच विचारलं, "भट्टीवर काय शिजत होतं?"

ते मात्र बाबांना वासासकट आठवत होतं.