जंगलाच्या पडद्यातली आत्या

माझ्या आजोबांनी नाटकात कधी काम केलं नाही. त्यांनी नाटकांसाठी जंगलं उभी केली. आमच्या झाडीपट्टीत धानाची कापणी आटोपली की गावोगावी नाटकं होतात, आणि त्या नाटकांना लागणारे पडदे आजोबा रंगवत. राजवाडा, रस्ता, देऊळ, जंगल. जंगलाचा पडदा सर्वांत जास्त झिजे, कारण आमच्याकडच्या नाटकांत कोणी ना कोणी वनवासाला जातोच, नाहीतर वाट तरी चुकतोच.

त्यांच्या हातचं आमच्या घरात काहीच उरलं नव्हतं. उरला होता एक वाद.

"बाबानं मले जंगलात काढलं हाये," आत्या म्हणायची. "मोहाच्या झाडाखाली. लाल फ्रॉक घालून."

"हाये ना, मी पाह्यलं," तिचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे वडील, ताबडतोब म्हणत. "पण झाडाखाली नाई, झाडावर हाये. शेपटी बी हाये."

त्या मोहाच्या झाडावर एक बंदर, म्हणजे माकड, रंगवलेलं होतं, एवढं दोघांनाही मान्य होतं. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला हे बंदर पंगतीत येऊन बसे. आत्याही हसे, "बंदर तं तूच" म्हणे. पण एकदा, पाटवड्या थापता थापता, हात न थांबवता ती मला म्हणाली होती, "आम्ही पाच लेकरं. बाबा रंगात राह्यचा. माह्याकडे त्यानं कधी धड पाह्यलं का नाई, मले ठाऊक नाई. पण काढलं असन, तं पाह्यलं असनच ना?"

त्या वाक्यानंतर पडदा शोधणं मला भाग होतं.

नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या वडशाला आहेत, म्हणून आधी तिथे गेले. कंपन्यांचे पडदे आता छापील असतात. चकचकीत, पाण्याने न भिजणारे, नव्या चपलेसारखा वास येणारे. जुन्या पडद्यांचं काय झालं ते कोणालाच नीट सांगता येईना. शेवटी एका म्हाताऱ्या पेटीवाल्याने डोळे मिटून, जणू सूर शोधावा तसं, आरमोरीच्या पुढचं एक गाव सांगितलं. तिथली माणसं कंपनी बोलावत नाहीत, स्वतःच नाटक बसवतात, आणि त्यांच्याकडे एक जुनं जंगल आहे.

हिवाळ्यातल्या एका सकाळी आत्याला घेऊन मी एसटीने निघाले. बांध्या, म्हणजे धानाची शेतं, रिकाम्या झाल्या होत्या. कापलेल्या धानाच्या बुडख्यांवर दव होतं आणि खिडकीतून तणसाचा, वाळल्या पेंढ्याचा, कोमट, गोडसर वास येत होता. आत्याने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. वाटभर ती एकच सांगत राहिली: खळ्यावर मांजरपाट अंथरलेला, रंगात कालवायच्या सरसाच्या डब्यातून उठणारी उग्र वाफ, आणि गुडघ्यांवर रांगत जंगल वाढवत नेणारा बाप.

गावात पडदा समाजमंदिराच्या आढ्याला टांगून ठेवला होता. त्याची देखभाल करणारे गृहस्थ, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, गावातल्या नाटकात वर्षानुवर्षं राजा होत आले होते; आवाजावरून ते कळतही होतं. दुसऱ्याच दिवशी नाटक होतं, त्यामुळे पडदा उतरवायचाच होता. चौघांनी तो अंगणात आणला, बांबूची गुंडाळी सोडली, आणि कडुलिंबाच्या वाळल्या पानांचा चुरा उन्हात उडाला.

समोर जंगल पसरलं. पण कुठलं! जन्मभर सागवान-मोहाच्या सावलीत वावरलेल्या माणसाने नारळाची झाडं काढली होती, तळ्यात राजहंस सोडले होते. सगळं कॅलेंडरांवरून उचललेलं, कधी न पाहिलेलं. फक्त डाव्या कोपऱ्यात हात ओळखीच्या झाडावर आला होता. तिथे मोह होता. खोडावरच्या भेगांसह, पानगळीनंतर फुलांनी लगडलेला. फांदीवर खाली पाहणारं बंदर. फांदीखाली खोडाचा जेमतेम अर्धा भाग, आणि मग पडदा संपत होता.

आत्याने वाकून तो कोपरा काठापर्यंत पाहिला. "नाई ना," ती म्हणाली. मग स्वतःच हसून, "बंदरच हाये."

तिचं ते हसू मला सोसवेना. मी वाकून बांबूवरचं कापड चाचपलं. पडद्याच्या खालच्या काठाला नळीसारखी शिवण असते, तिच्यातून बांबू जातो. इथे ती शिवण जाडजूड लागत होती, एकावर एक घडी.

"भाऊ, हे इतकं जाड काऊन?" मी विचारलं.

"बांबू घासून घासून काठ फाटते, बाई. फाटला का आम्ही वर दुमडतो अन् पुन्हा शिवतो. माह्या बापाच्या वेळेपासून तसंच."

म्हणजे खोडाचा उरलेला भाग कापून टाकलेला नव्हता. जमीन घडीत होती.

"उसवू का?" आत्याने विचारलं. आवाज इतका बारीक होता की भाऊंनी हात कानामागे नेला.

"उद्या नाटक हाये, बाई. जुना कपडा, फाटला तं राजाले वनवासात पाठवू कसा?"

"मी शिवून देतो ना, भाऊ," आत्या म्हणाली, "जसा होता तसा."

भाऊंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. "फक्त हातभर," ते म्हणाले, आणि आतून दाभण, सुतळी नि ब्लेड घेऊन आले.

बांबू काढला. आत्या मातीतच मांडी घालून बसली. एकेक टाका तिने ब्लेडच्या टोकाने असा सोडवला की जणू खाली कोणी झोपलं होतं. पहिली घडी उलगडली: गेरूची जमीन. दुसरी उलगडली, आणि कोरड्या सरसाचा जुना वास वर आला. ऊन न लागल्यामुळे तिथले रंग जराही विटले नव्हते. पिवळसर मोहफुलं सांडलेली, एक टोपली, आणि टोपलीशी उकिडवी बसलेली लाल फ्रॉकमधली मुलगी. मान वर, तोंडात मोहफूल, एक गाल फुगलेला.

"आई वं," आत्या पुटपुटली. "गोळा कराले बसवलं होतं, अन् मी खाऊन राह्यली होती. हे बी पाह्यलं त्यानं."

तिने त्या फुगलेल्या गालाला बोट लावलं नाही. बोट जवळ नेऊन थांबवलं, बस.

मी म्हटलं, भाऊंना विनंती करू, काठाला दुसरं कापड जोडू, म्हणजे मुलगी बाहेर राहील. भाऊही तयार झाले. पण आत्याने दाभणात सुतळी ओवायला घेतली होती.

"राहू दे तिले आत," ती म्हणाली. "बाहेर असती तं बंदरासारखा तिचा बी रंग उडून गेला असता. पाह्य, त्याचं तोंड किती फिकं झालं." आणि पाठीवर ऊन घेत, घट्ट, सारख्या टाक्यांनी तिने स्वतःला परत जंगलात शिवून टाकलं. शिवायच्या आधी मात्र माझ्या मोबाईलवर फोटो काढून घ्यायला ती विसरली नाही.

बांबू आत सरकवला गेला तेव्हा तिने मला माझ्या वडिलांना फोन लावायला सांगितलं.

"ऐक," ती म्हणाली, "बंदर वर हाये, मी खाली हाये. येगयेगळे हाओत. अन् ते बंदर माह्याकडेच पाहून राह्यलं."

स्पीकरवर वडिलांचा आवाज आला, "तं मग ते बंदर मी असन."

"तेच तं सांगून राह्यली मी इतके वर्षं," आत्या म्हणाली, आणि पडदा उचलणाऱ्या चौघांसोबत भाऊही राजाला न शोभणारं हसले.