सतरा दिवसांचा विद्यार्थी

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी काष्टीला, घरी होतो. फोन ताईंच्या शाळेच्या कारकुनाचा. "ताई सकाळी गेल्या," एवढंच तो म्हणाला. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि जेवण तिथंच थांबवलं. त्याला आता दीड महिना झाला.

ताई इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. नगरमधल्या (कागदोपत्री आता अहिल्यानगर, बोलण्यात अजून नगरच) इंग्रजी अमदानीतल्या शाळांचा इतिहास त्या लिहीत होत्या. मिशनच्या शाळा, सरकारी शाळा, गावातल्या मंडळींनी वर्गणी काढून उभ्या केलेल्या शाळा... संस्थापकांच्या हार घातलेल्या तसबिरींचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. "कोण आलं आणि कोण का गेलं, ते सांगा," म्हणायच्या. ते सगळं प्रवेशाच्या रजिस्टरात असे. प्लेगमुळे गेला, पेरणीसाठी नेला, लग्न झाल्याने नाव काढले. रजिस्टर उघडण्याआधी त्या साबणाने हात धुवायच्या आणि मलाही धुवायला लावायच्या. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, पण त्यांच्यासमोर पाचवीतला होऊन जायचो.

ओळख झाली ती माझ्याच स्वार्थापायी. त्यांच्या जुन्या दगडी शाळेची स्मरणिका निघणार होती आणि त्यात सुरुवातीच्या काळातल्या विद्यार्थ्यांची यादी छापायची होती. माझे आजोबा त्या शाळेत शिकले, हे आमच्या घराण्याचं भूषण. अख्ख्या भावकीत इंग्रजी सही करणारा तो एकच माणूस! नव्वदीला टेकलेल्या अण्णांनी माझ्यामागे लकडाच लावला होता. "माज्या बापाचं नाव छापून यिऊ दे. मंग मी मेलो तरी चालंल." ताईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "रजिस्टरात असेल तर येईल."

दोन महिने त्या शोधत होत्या. एक दिवस बोलावणं आलं. कपाटं लावलेल्या त्या कोंदट खोलीत त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. आजोबांचं नाव, गाव काष्टी, दाखल झाल्याची तारीख. पुढच्या रकान्यात नाव काढल्याची तारीख, त्याच महिन्यातली. शेरा : घरी निघून गेला.

"सतरा दिवस," ताई म्हणाल्या.

मी घाईघाईनं म्हणालो, "अण्णांना हे सांगू नका."

"मी काही दवंडी पिटत फिरत नाही. पण त्यांनी विचारलं तर सांगेन."

यादीचं शीर्षक 'या शाळेत शिकलेले विद्यार्थी' असं ठरलं होतं. ताईंनी ते बदलून 'या शाळेत दाखल झालेले विद्यार्थी' केलं. स्मरणिकेच्या समितीतले लोक कुरकुरले, बाई हटल्या नाहीत. त्यांनी ते एका माणसासाठी केलं, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही आणि मीही आभार मानले नाहीत. खरं तर मनातून चिडलोच होतो.

स्मरणिका द्यायला त्या स्वतः काष्टीला आल्या. अण्णांनी नाव तीनदा वाचून घेतलं, त्यावरून हात फिरवला. आणि मला ज्याची धास्ती होती तेच विचारलं.

"बाई, माजा बाप तितं किती शिकला वो?"

मी ताईंकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"सतरा दिवस, अण्णा. मग घरी निघून आले."

अण्णांनी विचारलं, "मंग सही?"

"ते रजिस्टरात नाही."

"सतरा दिस!" अण्णा अचानक हसायला लागले, पार खोकला येईपर्यंत. "आन् आमी एक दिस शाळा बुडवली तर म्हातारं चाबूक काडायचं!" त्या दिवसापासून आल्यागेल्याला ते स्मरणिका दाखवतात आणि दिवसही सांगतात. आपल्या बापाविषयी ते एवढ्या मायेनं बोलताना मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

या लेखाच्या पहिल्या खर्ड्यात मी लिहून गेलो होतो की ताईंच्या आजारपणात मी त्यांना नेहमी भेटायला जात असे. वाचताना त्या शब्दापाशी अडलो. चार महिने त्या अंथरुणावर होत्या. 'नेहमी' खोडलं आणि 'दोनदा' लिहिलं. लिहिताना लाज वाटली... दुसऱ्या भेटीत त्या म्हणाल्या होत्या, "चहा घेऊन जा." मी थांबलो नाही.