अध्यक्ष येसूआत्या

पावसजवळच्या आमच्या बौद्धवाडीत विहार समितीची अध्यक्ष माझी येसूआत्या. सभेत कुणी लांबण लावली की ही त्याला सदऱ्याला धरून खाली बसवते. आवाज मोठा, मन त्याहून मोठं. पण पद तिला जिवापाड प्यारं, हे मी तिचा भाचा असूनही सांगतो.

यंदा बुद्धपौर्णिमेची कार्डं नेहमीप्रमाणे वाडीतल्या मुंबईकरांच्या मंडळाने छापून पाठवली. वर ठळक अक्षरांत 'अध्यक्ष : डॉ. भिवा जाधव'! भिवाकाका म्हणजे आत्याचे चुलतभाऊ, नावाजलेले अवकाश शास्त्रज्ञ. अग्निबाणांच्या मोहिमांचे प्रमुख, सरकारचे सल्लागार, शिवाय दोन विद्यापीठांच्या मंडळांवर. एवढ्या खुर्च्या भूषवून माणूस गावी परतलाय, तर आपलीही एक देऊ, असं मुंबईकरांना वाटलं. आत्याला विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. कार्ड वाचून ती गप्प झाली. ती गप्प झाली की आम्हाला धडकी भरते.

पौर्णिमेला वंदना झाली, सभा सुरू झाली. विषय साधा होता. विहिरीचं पाणी आधी वरच्या घरांना सोडायचं की खालच्या?

भिवाकाका म्हणाले, "आमच्याकडे उड्डाणाआधी प्रत्येकाची शंका ऐकायचे. बोला सगळे."

झालं! वाडीला अशी मुभा जन्मात मिळाली नव्हती. पाण्यावरून गाडी तोडलेल्या फणसावर गेली, तिथून कुणाच्या तरी लग्नात न मिळालेल्या मानावर. काका मन लावून ऐकत होते. पोरं भुकेने रडायला लागली, तेव्हा कुठे त्यांना घाम फुटला.

"येसूबाय, काय तरी कर गो!"

"मी कशाला? अध्यक्ष तू हायस." बोलताना आत्याचे डोळे भरून आले.

काका चपापले. "मला वाटला, माझं नाव तूच सांगितलंस. म्हणून बसलो मी."

"मना कोन इचारतंय?"

काका उठून उभे राहिले. "उड्डाण थांबवायला एक खमका माणूस लागतो. तो मी इथं बाजूला सारला, ही माझी चूक. अध्यक्ष म्हणून माझा एकच ठराव. अध्यक्ष येसूबाय!" टाळ्या थांबेनात.

आत्याने नाक शिंकरलं, पदर खोचला. "आज खालची घरां, उद्या वरची. उठा आता, जेवाय बसा!"

"आणि मी?" काकांनी विचारलं.

"तू सल्लागार. पन इचारल्याबिगर बोलायचा नाय."

"व्हय बाय," म्हणाले काका, आणि सरकारला सल्ले दिलेला तो माणूस खरंच गप्प बसला. आत्या इतकी खुश मी कधी पाहिली नव्हती.