मालकाच्या खुर्चीत साहेब

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, पण खरं सांगायचं तर झोप यावी म्हणून. वळणावर बंद पडणारी गाडी, लिफ्ट मागणारी बाई, आणि शेवटी "तिला जाऊन तर दहा वर्षं झाली"... बीडच्या एका कॉलेजात मी तेहतीस वर्षं ग्रंथपाल होतो. भुताखेतांची पुस्तकं पोरं घेऊन जायची आणि ती परत यायची नाहीत. माझ्या नोकरीतला गूढ प्रकार एवढाच. त्यामुळे आज स्वतः लिहायला बसताना जरा ओशाळल्यासारखं होतंय. पण वर्ष होत आलं, गोष्ट डोक्यातून जात नाही, आणि घरात ऐकून घ्यायला आता कुणी तयार नाही. मग तुम्हीच ऐका.

आमच्या घरचा धंदा हर्रासाचा. म्हणजे लिलाव. आमच्याकडं अजून निजामाच्या काळचाच शब्द चालतो. गेवराई तालुक्यात, तलवाड्याच्या रस्त्याला आमचं पत्र्याचं शेड होतं. गाव सोडून पुण्याला निघालेल्यांचा संसार, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं भंगार, शाळेचे मोडके बाक, इंजिनं, बैलगाड्या... जे कुणाला नको असेल ते आमच्याकडं यायचं आणि ज्याला हवं त्याच्याकडं जायचं. तीन पिढ्या हेच.

आजोबांनी एक रिवाज घालून दिला होता. शेडात मालाच्या समोर एक जाडजूड सागवानी खुर्ची असायची. कुठल्याशा जुन्या कचेरीच्या हर्रासातच घेतलेली. ज्याचा माल, तो मालक त्या खुर्चीत बसणार. शेवटची वस्तू गेली की पुकारा करणारा त्याच्याकडं वळून म्हणणार, "मालक, एक वस्तू परत घ्या, आन् खुर्ची फिरवा." विकल्या गेलेल्यातली कुठलीही एक वस्तू मालक परत मागू शकायचा, घेणाऱ्यानं कुरकुर करायची नाही. मग मालकानं उठून खुर्ची मालाकडं पाठ करून फिरवायची. ती फिरली की माल सुटला. तोवर घेणारा चमचासुद्धा उचलत नसे.

लोक काय काय परत घ्यायचे! एकानं सगळं घर विकलं आणि फुटकी घागर परत घेतली. एकानं तर आमचीच खुर्ची मागितली होती.

खुर्ची जड. एकट्यादुकट्याला हलायची नाही. म्हाताऱ्या मालकाला जमलं नाही तर वडील, म्हणजे आमचे आबा, त्याचा हात खुर्चीवर ठेवायचे आणि स्वतः फिरवायचे. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं जिनिंगमध्ये गेलेली, म्हणून तो हात पाठीमागं. डाव्या हातानं खुर्ची थोडी तिरपी करायची, मागच्या डाव्या पायाला लोखंडी टोपण होतं त्याच्यावर तोलायची, आणि गर्रकन. दाराची कडी लावावी इतकं सोपं वाटायचं. मला आयुष्यात जमलं नाही. मी फारसा प्रयत्नही केला नाही म्हणा.

पुकारा पूर्वी आबाच करायचे. त्यांचा घसा गेला तेव्हा माझा मोठा भाऊ, दादा, अकरा वर्षांचा होता. आबांनी त्याला शाळेतून काढलं. उंची पुरेना म्हणून एका तिपाईवर उभं केलं. पोराचा आवाज खणखणीत. आबा त्याला "भोंग्या" म्हणायचे. फक्त घरात, आणि फक्त आबाच. मी तेव्हा पाच वर्षांचा. पुढं मी शिकलो, बीडला गेलो, पुस्तकं वाचून शहाणा झालो. दादा तिपाईवर उभा राहिला, मग तिपाई लागेना इतका उंच झाला, तरी उभाच राहिला. पुकारा करणाऱ्यानं बसायचं नाही, हा आबांचा नियम. ताप असला तरी नाही.

अलीकडं धंदा संपतच आला होता. लोक मोबाइलवर फोटो टाकतात, तिथंच बोली लागते. त्यात दादाच्या घशात गाठी निघाल्या. डॉक्टर म्हणाले, ओरडणं बंद. दादानं आबांपुढं विषय काढला. आबा तेव्हा नव्वदीच्या आसपास, पण ऐकू नये तेच त्यांना ऐकू यायचं.

"मी मेल्यावर कर बंद," आबा म्हणाले. "आन् तवा बी मला इचारून कर."

मी हसलो. दादा हसला नाही. त्यानंतर दोघांचं नीट बोलणं झालं नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात आबा गेले.

दादा आणखी सहा महिने ओरडला. आवाज खरवडल्यासारखा यायचा. मी गेवराईला जाऊन जाऊन त्याच्या मागं लागलो, तेव्हा कुठं तयार झाला. दिवाळीनंतरचा रविवार ठरला, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधीचा. आमच्याच शेडातल्या सामानाचा शेवटचा हर्रास. पण आदल्या दिवशी म्हणतो, "हर्रास करतो. खुर्ची न्हाई फिरवणार."

"का?"

"माल आबांचा हाय. त्यांनी कुठं हो म्हणलं?"

"अरे, मालक वारला तर वारस फिरवतात. आपण किती वेळा केलंय. तुला नको तर मी फिरवतो."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की अजून आठवतं. "तू कावून? तू कधी हितं उभा ऱ्हायलास?"

मी सामानाची यादी पुढं ओढली आणि वाचायला लागलो.

आता साहेबांविषयी. आमच्या भागातले एक पुढारी. नाव कशाला, असे सगळीकडंच असतात. निवडणूक जवळ आली होती. त्यांच्या पीएला कुठून तरी हर्रासाचं कळलं आणि रविवारी सकाळी आम्ही पोचतो तर शेडावर फ्लेक्स. "एका युगाचा अस्त — भव्य निरोप समारंभ." साहेबांचा फोटो पुरुषभर. आबांचा कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. आबांना समारंभ म्हटलं की जांभई यायची, एवढंच नोंदवतो.

कार्यकर्त्यांनी साहेबांसाठी शेडातली सगळ्यात मोठी खुर्ची शोधली. कोणती, ते सांगायला नको. तिच्या पाठीवर पांढरा टर्किश टॉवेल घातला आणि साहेबांना बसवलं.

दादाचा चेहरा उतरला. तो पीएजवळ जाऊन म्हणाला, "ती मालकाची खुर्ची हाय."

"मग बरोबरच आहे की," पीए म्हणाला. "साहेबच मालक आपल्या सगळ्यांचे!"

शे-सव्वाशे माणूस होतं. निम्मे शिरूर कासारकडचे, तोडीला निघालेले. त्यांना पाण्याचे ड्रम, ताडपत्र्या, पातेली हवी होती. दादानं अकराच्या सुमाराला सुरुवात केली. आवाज फाटत होता, पण बोली खेचत होता. साहेब पूर्ण वेळ मोबाइलवर बोलत होते. तिपाईसुद्धा गेली. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं घेतली.

शेवटची वस्तू गेली. शेडात रुळाचा एक तुकडा टांगलेला असायचा. त्यावर दादानं टोला दिला. मग कुणीच हललं नाही. सगळे खुर्चीकडं बघत होते. निळा ड्रम घेतलेली एक मावशी पुढं आली.

"दादा, टेम्पो हुबा हाय आमचा. खुर्ची फिरल्याबिगर डरम कसा उचलू? फिरवा की."

"उचल, मावशी. आता कशाचा नियम."

"आसं कसं? माज्या सासऱ्याची गाडी हितंच इकली. आमी न्हाई उचलत तसं."

दादा उभाच. मग सत्तावन्न वर्षांच्या सवयीनं त्याची मान आपोआप खुर्चीकडं वळली आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "मालक, एक वस्तू परत घ्या, आन् खुर्ची फिरवा."

पीए हार घेऊन लगबगीनं पुढं आला. त्याला वाटलं भाषणाची वेळ झाली.

साहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं. मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. आणि म्हणाले, "भोंग्या, ती तिपाई आण."

आवाज साहेबांचाच होता. घोगरा-बिगरा काही झाला नव्हता. फक्त त्यातलं ते व्यासपीठ गेलं होतं.

दादानं मालाच्या ढिगातून तिपाई उचलली आणि नेली. साहेबांनी ती जमिनीवर ठेवली, तळहातानं दोनदा थोपटली. "टेक जरा," म्हणाले. "लई उभा ऱ्हायलास."

माझा भाऊ बसला. त्या शेडात त्याला बसलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. अडुसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे हनुवटीशी आलेले, आणि तोंड एखाद्या पोरासारखं.

साहेब उठले. उजवा हात पाठीमागं घेतला. डाव्या तळहातावर फुंकर मारली, खुर्ची तिरपी केली, लोखंडी टोपणावर तोलली, आणि गर्रकन फिरवली. टॉवेल खाली पडला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. मावशीनं ड्रम डोक्यावर घेतला. "सुटला बाई माल," म्हणाली आणि टेम्पोकडं निघाली.

साहेब क्षणभर रस्त्याकडं तोंड करून तसेच उभे राहिले. मग वळले. "माझ्या तमाम बंधू आणि भगिनींनो..." पुढं वीस मिनिटं भाषण. त्यात आबांचं नाव दोनदा घेतलं, दोन्ही वेळा चुकीचं.

मी संशयी माणूस आहे. दुसऱ्याच दिवसापासून कामाला लागलो. पहिला संशय दादावर: त्यानंच पढवलं असेल. पण ज्याला आबांना विचारल्याशिवाय खुर्ची फिरवायची नव्हती, तो साहेबांकडून नाटक कशाला करून घेईल? दुसरा संशय पीएवर. त्याला मी चहा पाजून उलटसुलट विचारलं. तो म्हणाला, "सर, मला तर ते खुर्चीचं काही माहीतच नव्हतं. माहीत असतं तर फोटो नीट काढला असता." हे पटण्यासारखं होतं.

एका कार्यकर्त्यानं सगळं मोबाइलवर घेतलं होतं. तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला याचा हिशेब नाही. व्हिडिओत भूत नाही, सावली नाही, धूर नाही. व्हिडिओत फक्त साहेब आहेत. तीच तर अडचण आहे. आणि ती फुंकर... आबा खुर्ची धरण्याआधी डाव्या तळहातावर फुंकर मारायचे, हे मी पार विसरलो होतो. त्या दिवशी शेडात माझ्या लक्षातही आलं नव्हतं. व्हिडिओत पाहिली आणि मग आठवली. म्हणजे मला भास झाला म्हणावं, तर जे मला आठवतच नव्हतं त्याचा भास कसा होईल?

महिन्याभरानं बीडजवळ, पालीच्या एका मंगल कार्यालयात साहेब भेटले. मी धीर करून विचारलं.

"हां हां, हर्रासाचा कार्यक्रम! लई उकडत होतं तिथं. मी फोनवर होतो, मग भाषण केलं."

"मधे तुम्ही खुर्ची फिरवली."

"मी?" त्यांनी सदरा वर करून कमरेचा रुंद पट्टा दाखवला. "दोन वर्षं झाली गुरुजी, खाली पडलेला रुमाल उचलता येत न्हाई मला. कावून, चांगला झाला ना कार्यक्रम?"

चांगला झाला म्हणालो.

दादा आता बरा आहे. घशाचं ऑपरेशन झालं, हळू बोलतो. सकाळी दारात तिपाई टाकून उन्हाला बसतो. चहावाल्यानं तिचे पैसे परत घेतले नाहीत. रिवाज रिवाज आहे म्हणाला. मी व्हिडिओ काढला की दादा मान फिरवतो. "किती उकरतोस बे? मी इचारलं, त्यांनी सांगितलं. झालं की."

त्याचं झालं. माझं होत नाही. रात्री उठून बसतो, पुन्हा तोच व्हिडिओ. साहेबांचा उजवा हात पाठीमागं जातो, तिथं थांबवतो, पुन्हा चालवतो. तुमच्यापैकी कुणाकडं याचं धड स्पष्टीकरण असेल तर जरूर सांगा, माझ्याकडं नाही.

खुर्ची विकायची नव्हती, ती मी बीडला आणली. चार माणसं लागली. माझ्या खोलीत भिंतीकडं तोंड करून ठेवली आहे. बसून पाहावं असं रोज वाटतं, बसत नाही. बसलो आणि कुणी विचारलं, एक वस्तू परत घ्या... तर मला एकच मागता येईल, दादाची शाळा. आणि ती कुठल्याच यादीत नव्हती.