फोटोवाल्याचा फोटो

गल्लीतला फोटोवाला म्हणजे मोठी असामी! पासपोर्टचा असो की लग्नाचा, त्याचे हुकूम ठरलेले: "हनुवटी खाली, खांदे सैल, श्वास धरा." कलेक्टर येवो की कारकून, श्वास धरावाच लागे.

बायको गेल्यापासून दुकानामागच्या खोलीत गडी एकटाच. मूलबाळ नाही. थोरली बहीण परगावी अंथरुणाला खिळलेली. कुठं फिरायला गेला की तिला फोटो धाडायचा. कधी ढग, कधी डोंगर. या खेपेला मात्र ताई फोनवर कडाडली, "पुरे झाले तुझे दगडधोंडे! तू खातोस-पितोस की नुसता दिवस ढकलतोस, ते बघायचंय मला. तोंड दाखव, नाहीतर फोन करू नकोस."

गडी हबकला. जगात फोन करायला दुसरं होतं कोण?

डोंगरातल्या बुद्धाच्या उद्यानात यात्रेची बस पोचली. उंच झाडं, वाऱ्यावर फडफडणाऱ्या पताका, वर पायऱ्यांवर भली थोरली बुद्धमूर्ती. बसमधल्यांना याचा धंदा कळलेला. मग काय! "काका, आमचा एक काढा ना." सासू-सुना झाल्या, नवी जोडपी झाली. त्याचा काढावा हे कुणाच्या मनातही आलं नाही. फोटो बघत सगळे चहाला पांगले, आणि हा उरला पायऱ्यांवर.

माळीणबाई पाचोळा झाडत होत्या. त्यानं भीत भीत फोन पुढं केला.

"मला काय येतंय त्यातलं!"

"हे गोल बटण दाबायचं, बस."

तो पायरीवर टेकला आणि लगेच उठला. "ऊन पाठीशी घ्या." पुन्हा टेकला, पुन्हा उठला. "फोन वाकडा झालाय." शेवटी म्हणाला, "तुम्ही बसा इथं, मी दाखवतो." बाई बसल्या. "हनुवटी खाली, खांदे सैल, श्वास धरा..." आणि काढला की फोटो!

"अहो, फोटो कुणाचा काढायचाय?" बाई खो खो हसल्या. मग मूर्तीकडं हात करून म्हणाल्या, "मी रोज यांच्या पायाशी झाडते. कधी एक सूचना केली नाही यांनी. गप बसा जरा."

तो गप बसला. इतका गप, की पताकांची फडफड तेवढी ऐकू येत राहिली.

फोटो वाकडाच आला, पण त्यानं तसाच पाठवला. बसमध्ये चढेपर्यंत ताईचा फोन.

"वाळलास रे," ती म्हणाली. मग विचारलं, "अन् इतका कडेला का बसलायस? शेजारी कोण होतं?"

"कुणी नाही, ताई."

"मग जागा कुणासाठी सोडलीस?"

त्यानं फोटो उघडून पाहिला. खरंच, पायरीवर एका माणसाची जागा मोकळी होती. आपण कधी सरकलो, त्याला आठवेना.

"सवय गं," तो म्हणाला.

मग ताई हळूच म्हणाली, "रात्री जेवलास की सांग. मी जागी असते."