संगमावरची माणसं

हे लिहायला मला वर्ष लागलं, कारण यात माझी चूक आहे.

मी ऐरोलीच्या एका कंपनीत नकाशांचं काम करते. नेपाळच्या डोंगरात भूकंप झाला, तेव्हा घरं सोडून निघालेली माणसं कुठे गेली हे शोधायचं काम आमच्याकडे आलं. कुठल्या टॉवरवरचे मोबाइल कुठे सरकले, याच्या नोंदी यायच्या. नावं नाहीत, नंबर नाहीत, नुसते नकाशावरचे ठिपके. आम्ही जागा कळवायची, मग मदतपथकं तिकडे जायची.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणारी मनमाया त्याच डोंगरातली. पंधरा वर्षं इथे राहून मराठी शिकलेली. तिची म्हातारी आई गावात एकटी होती आणि फोन लागत नव्हता. पोळ्या लाटता लाटता ती रोज विचारायची, "ताई, माझी आई दिसली काय आज?" मी नाही म्हणून मान हलवायचे. त्या दिवसांत माझंही देवाशी बोलणं तुटलं होतं. बाबा दवाखान्यात वारले, तेव्हा आम्हाला कोणालाच आत सोडलं नव्हतं. दत्तगुरूंपुढे दिवा लावायचे, तो सवयीने.

एका मंगळवारी दोन नद्यांच्या संगमाजवळ चाळीसेक ठिपके दिसले. क्षणभर यायचे, पुन्हा जायचे. तिथे छावणी नव्हती, रस्ताही नव्हता. साहेब म्हणाले, "टॉवरची एरर असेल. ठेव बाजूला." मी ठेवले. खरं सांगायचं तर मलाही घरी जायची घाई होती.

गुरुवारी सकाळी कणीक मळताना मनमाया स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आई देवीच्या देवळात तर नसेल गेली? दरड कोसळली की आमचे लोक तिकडेच जातात. दोन नद्या मिळतात ना, तिथे." मला मंगळवारचे संगमाजवळचे ठिपके आठवले. इतक्या दिवसांत ती हे कधी बोलली नव्हती. त्याच सकाळी का बोलली, मला माहीत नाही. ऑफिसात पोचले आणि साहेबांना न विचारता पथकाला कळवून टाकलं.

शुक्रवारी पथक पोचलं. देवळाच्या आडोशाला पन्नासेक माणसं भिजलेला मका खाऊन तग धरून होती.

शनिवारी मनमायाचा फोन वाजला. पथकाच्या फोनवरून कोणी अनोळखी बाई बोलत होती; आईच्या बटव्यातल्या चिठ्ठीवर तिला हा नंबर मिळाला होता. ऐकता ऐकता मनमाया मला मराठीत सांगत गेली. आई बुधवारी वारली होती. त्या बाईचा नवरा आणि घर, दोन्ही भूकंपात गेलेली. तरी तिने ओळखपाळख नसलेल्या म्हातारीला हाताला धरून डोंगर उतरवला, ताप चढला तेव्हा अंगावरची शाल दिली, शेवटचं पाणी पाजलं. ती बाई म्हणाली, "तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती तुला हाका मारत होती, म्हणून मी 'हो आई, हो आई' म्हणत राहिले."

बुधवार ऐकून मी मनात दिवस मोजले. गप्प राहिले असते तर कोणाला कळलं नसतं. पण राहवलं नाही.

"मनमाया, मला ते ठिकाण मंगळवारीच दिसलं होतं. मी बाजूला ठेवलं."

तिने फोन खाली ठेवला. "तेव्हाच सांगितलं असतं तर वाचली असती?"

"माहीत नाही गं. कदाचित."

ती निघून गेली. चार दिवस आलीच नाही. पाचव्या दिवशी आली, पदर खोचला आणि म्हणाली, "ताई, राग आहे अजून. पण आई एकटी नव्हती ना. ती दिदी रोज फोन करते मला. आता तिकडे माझं कोण म्हटलं तर तीच."

त्या संध्याकाळी देवापुढे बसले आणि खूप दिवसांनी रडले. माणसं मी शोधते, असा माझा समज होता. माझा हात पोचायच्या आधी तिथे कोणाचा तरी हात पोचला होता. त्यामुळे माझी चूक पुसली जात नाही, जाऊही नये. आता समोर आलेलं काम मी उद्यावर टाकत नाही, आणि जिथे माझं काही चालत नाही, ते देवाच्या पायाशी ठेवते.

त्या बाईला मी अजून पाहिलेलं नाही. माझा नमस्कार तिला पोचो. आणि त्या वाटेवर ज्याने तिला मनमायाच्या आईच्या शेजारून चालवलं, त्यालाही.